गोळी कशासाठी चालू झाली होती?

पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज आमच्या बार्शीत अजून टिकून आहे. लग्न होऊन पुण्याला, पिंपरी-चिंचवडला, कुणी हैदराबादला गेलेल्या मुली डोहाळजेवण उरकलं की माहेरी येतात आणि आठवड्याच्या आत माझ्या ओपीडीत हजर होतात. सोबत आई, आणि आईच्या पिशवीत फाईल. मी इथं प्रॅक्टिस सुरू केली तेव्हा ही फाईल म्हणजे एखादी सोनोग्राफी आणि रक्तगटाचा कागद असे. आता ती जाड असते, कारण यातल्या बऱ्याच जणींना दिवस राहण्याआधी दोन-तीन वर्षं ‘पीसीओडी’ची ट्रीटमेंट झालेली असते. मी ती फाईल मागून उघडते. सगळ्यात जुना कागद आधी वाचते.

कारण या मुलींचा पहिला प्रश्न ठरलेला आहे. ‘मॅडम, ही गोळी चालू ठेवायची की बंद करायची?’ पुण्याच्या डॉक्टरांनी ती चालू ठेवलेली असते, नणंदेची तिच्या डॉक्टरांनी तिसऱ्या महिन्यात बंद केलेली असते आणि मोबाईलवर दोन्ही मतं सापडतात. याचं उत्तर फाईलमधल्या ताज्या कागदावर नसतं. गोळी पहिल्यांदा लिहिली गेली ती कशासाठी, यावर ते अवलंबून असतं. आणि पुष्कळदा ते खुद्द त्या मुलीला कुणी सांगितलेलंच नसतं.

ही गोळी म्हणजे मेटफॉर्मिन. पांढरी, बहुधा पाचशे मिलिग्रॅमची, बाटली उघडली की मासळीसारखा वास येणारी. तो वास दिवस गेल्यावर कित्येकींना नकोसा होतो. वैरागच्या एक सासूबाई एकदा सुनेला घेऊन आल्या आणि बसायच्या आधीच म्हणाल्या, ‘डाक्टरीणबाई, मेडिकलवाला म्हंतोय ही शुगरची गोळी हाय. आमच्या सुनेला शुगर कुठंय?’

प्रश्न बिनतोड होता. सुनेला शुगर नव्हती. पण शुगर आटोक्यात ठेवायला तिच्या शरीराला नेहमीपेक्षा जास्त इन्सुलिन खर्चावं लागत होतं. रक्तात असं इन्सुलिन वाढलं की बीजाशय पुरुषी हार्मोन जास्त बनवू लागतं आणि त्यामुळे दर महिन्याला एक बीज पूर्ण वाढून बाहेर पडायचं, ते अर्ध्यावरच थांबतं. सोनोग्राफीत ज्या ‘गाठी’ दिसतात त्या खऱ्या गाठी नसतातच. ती अशी अर्ध्यावर थांबलेली बीजकोषांची रांग असते. बीज बाहेर पडत नाही म्हणून पाळी येत नाही, चेहऱ्यावर मुरुम, हनुवटीवर केस, मानेवर काळपट पट्टा. १९३५ साली शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल या दोन डॉक्टरांनी अशा सात स्त्रियांची हकीगत लिहिली, तेव्हा त्यांचं सगळं लक्ष बीजाशयावर होतं. खेळ इन्सुलिनचा आहे हे कळायला आणखी काही दशकं गेली, आणि ते कळल्यावर मधुमेहाची ही जुनी गोळी स्त्रीरोगतज्ज्ञांच्या चिठ्ठीवर आली. जुनी म्हणजे खरोखरच जुनी. झाँ स्टर्न या फ्रेंच डॉक्टरनं तिचा मधुमेहावरचा उपयोग १९५७ साली प्रसिद्ध केला. इतक्या वर्षांत असंख्य बायकांना ती पोटात असताना दिवस राहिले आहेत आणि तिच्यामुळे जन्मजात व्यंगं वाढल्याचं दिसलेलं नाही. सासूबाईंना मी हे शेवटचं वाक्य आधी सांगितलं. बाकीचं त्यांनी सुनेसाठी सोडून दिलं.

आता फाईलच्या मागच्या कागदाकडे. तिथं मेटफॉर्मिन लिहिण्याची साधारण तीन कारणं सापडतात. पाळी नियमित व्हावी म्हणून. दिवस राहावेत म्हणून. किंवा साखर खरंच वाढलेली होती म्हणून. पहिल्या दोन कारणांचं काम दिवस राहिले त्या दिवशी संपलं. तिसऱ्याचं त्या दिवशी खऱ्या अर्थानं सुरू झालं. पण मध्ये एक चौथं कारण घुसलेलं असतं, कागदावर न लिहिलेलं, आणि मुलीच्या मनात तेच सगळ्यात मोठं असतं: गोळी बंद केली आणि पोट पडलं तर?

ही भीती हवेतून आलेली नाही. २००१-०२ च्या सुमारास अमेरिकेत सिनसिनाटीच्या ग्लूक या डॉक्टरांनी प्रसिद्ध केलं की पीसीओएस (म्हणजे आपल्याकडं म्हणतात ती पीसीओडीच) असलेल्या ज्या स्त्रियांनी गरोदरपणात मेटफॉर्मिन चालू ठेवलं त्यांच्यात गर्भपात आणि गरोदरपणातला मधुमेह, दोन्ही खूपच कमी झाले. आकडे डोळे दिपवणारे होते. अडचण एवढीच, की त्या स्त्रियांची तुलना त्यांच्याच आधीच्या गरोदरपणांशी किंवा गोळी न घेणाऱ्या दुसऱ्या स्त्रियांशी केलेली होती. चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना खरी आणि निम्म्यांना खोटी गोळी दिलेली नव्हती. आधी दोनदा गर्भपात झालेल्या बाईचं तिसरं गरोदरपण गोळीविनाही पुष्कळदा नीट पार पडतं. तरी जगभरच्या दवाखान्यांत ‘नऊ महिने चालू ठेवा’ ही पद्धत रुजली. आमच्या भागातही ती त्याच सुमारास आली.

मग नॉर्वेतल्या ट्रॉन्हाइमच्या एस्टर वांकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती चिठ्ठ्या टाकून करायची चाचणी केली. २०१० मध्ये पहिल्या मोठ्या चाचणीचे निकाल आले. पहिल्या तीन महिन्यांपासून प्रसूतीपर्यंत रोज दोन हजार मिलिग्रॅम मेटफॉर्मिन, किंवा तशीच दिसणारी पोकळ गोळी. बीपी, मधुमेह, वेळेआधी प्रसूती यांत फरक पडला नाही. मेटफॉर्मिनवाल्यांचं वजन मात्र कमी वाढलं. २०१९ मध्ये त्यांचीच दुसरी, त्याहून मोठी चाचणी आली: नॉर्वे, स्वीडन आणि आइसलँडमधल्या ४८७ स्त्रिया. यात गरोदरपणातला मधुमेह झाला तो मेटफॉर्मिनवाल्यांत २५ टक्के आणि पोकळ गोळीवाल्यांत २४ टक्के. साखरेची गोळी गरोदरपणातली साखर रोखू शकली नाही. माझ्यासारख्या कित्येकींना हे पचायला वेळ लागला.

त्याच चाचणीत एक दुसरी गोष्ट दिसली. तीन महिने उलटल्यानंतरचा गर्भपात किंवा वेळेआधीची प्रसूती गोळीवाल्यांत ५ टक्के, इतरांत १० टक्के. एवढ्या स्त्रियांत हा फरक योगायोगानंही पडू शकतो, असं गणित म्हणत होतं. पण या गटानं आपल्या सगळ्या चाचण्या एकत्र मांडल्या तेव्हा ३९७ पैकी १८ विरुद्ध ३९९ पैकी ४० असा हिशेब निघाला आणि तो योगायोग वाटेनासा झाला. म्हणजे शंभर जणींनी गोळी घेतली तर पाच जणींचं असं नुकसान टळतं आणि पंचाण्णव जणींना त्या बाबतीत घेतली काय, न घेतली काय, सारखंच. मी हा हिशेब ओपीडीत कागदाच्या मागच्या बाजूला शंभर ठिपके काढून दाखवते. मुली टक्केवारीपेक्षा ठिपके पटकन समजून घेतात. आणि मग ज्या मुलीचं आधीचं बाळ सातव्या महिन्यात जन्मून गेलेलं असतं ती ते पाच ठिपके बघते. जिचं पहिलंच बाळंतपण आहे आणि मेटफॉर्मिननं रोज जुलाब होताहेत ती पंचाण्णव बघते. दोघींचंही बरोबर असतं.

पहिल्या तीन महिन्यांतल्या गर्भपाताचं काय, हा मूळ भीतीचा प्रश्न. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या संशोधकांनी अलीकडे डझनभर चाचण्या एकत्र करून पाहिल्या. दिवस राहण्याआधी सुरू केलेलं मेटफॉर्मिन पहिले तीन महिने चालू ठेवलं तर गर्भपात कमी होत असावेत, असा कल दिसला. खात्रीनं म्हणण्याइतका तो पक्का नव्हता. म्हणून माझी पद्धत अशी: मेटफॉर्मिन घेत असतानाच दिवस राहिले असतील, उलट्या फार नसतील आणि मुलीला चालणार असेल, तर बारा आठवडे होईपर्यंत मी ते काढत नाही. बारा आठवड्यांनंतर पुन्हा बसून ठरवतो. उलट्यांनी पाणी पोटात ठरत नसेल तर मात्र लगेच थांबवते. ही गोळी अचानक थांबवल्यानं, साखर नॉर्मल असलेल्या बाईला काही अपाय होत नाही, ती हळूहळू सोडावी लागत नाही, हे मुद्दाम सांगावं लागतं. कुणीतरी त्यांना उलटं सांगितलेलं असतं.

आणि एक, जरा स्पष्टच लिहिते. नॉर्वेच्या त्या चाचण्या दिवसाला दोन हजार मिलिग्रॅमवर झाल्या. आमच्याकडे येणाऱ्या फाईलींत पुष्कळदा ‘रात्री एक, पाचशेची’ असं लिहिलेलं असतं. ती ना धड बंद, ना धड चालू. ज्या फायद्यासाठी ती ठेवली म्हणतात, तो फायदा या डोसवर कुणी तपासलेला नाही. अशी गोळी डॉक्टरची काळजी कमी करते, पेशंटचा धोका कमी करते की नाही ते ठाऊक नाही.

मेटफॉर्मिन वारेतून बाळापर्यंत जातं. बाळाच्या रक्तात ते जवळपास आईइतकंच असतं. व्यंग होत नाही हे खरं, पण पुढं काय? ट्रॉन्हाइमच्या गटानं आपल्या चाचण्यांतली मुलं नंतरही तपासली. २०१८ आणि २०१९ मध्ये त्यांनी लिहिलं की पोटात असताना मेटफॉर्मिन मिळालेल्या मुलांचा वजनाचा निर्देशांक चार वर्षांच्या वयात, आणि पुढे पाच ते दहाच्या दरम्यानही, इतरांपेक्षा थोडा जास्त होता. हे गोळीमुळेच झालं असं ठामपणे म्हणता येत नाही. पण सांगितलं पाहिजे. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठाच्या पुढाकारानं २०२३ मध्ये पीसीओएसची जी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका निघाली, तीही हेच म्हणते: गरोदरपणातला मधुमेह, बीपी, बाळ फार मोठं होणं यांतलं काहीही मेटफॉर्मिननं टळल्याचं दिसलेलं नाही, वेळेआधी प्रसूतीचा धोका असेल किंवा वजन फार वाढत असेल तर विचार करा, आणि मुलांवरच्या दीर्घ परिणामाबद्दल आईशी बोला.

मला इथं नॉर्वेच्या आकड्यांपेक्षा पुण्याजवळच्या सहा खेड्यांची जास्त आठवण येते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ मध्ये तिथल्या गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला आणि पुढे त्यांची मुलं वाढताना पाहिली. त्या बाळांची वजनं सरासरी पावणेतीन किलोच्याही आत, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांपेक्षा पाऊण किलोहून जास्त कमी. पण त्या बारक्या अंगातही चरबीचं प्रमाण तुलनेनं जास्त. हातपाय काड्या, पोटाशी चरबी. आमच्या भागातलं बाळ आधीच असं जन्मतं. मग कॅनडातल्या २०२० सालच्या एका चाचणीकडे बघा: आधीपासून मधुमेह असलेल्या आणि इन्सुलिन घेणाऱ्या ५०२ गरोदर स्त्रियांत निम्म्यांना वर मेटफॉर्मिनही दिलं. आयांची साखर सुधारली, इन्सुलिन कमी लागलं, वजन कमी वाढलं. पण वयाच्या मानानं बारीक बाळं मेटफॉर्मिनच्या बाजूला १३ टक्के निघाली, दुसऱ्या बाजूला ७ टक्के. त्या मधुमेही स्त्रिया होत्या, पीसीओएसच्या नव्हत्या, हे मान्य. तरी ज्या मुलीचं स्वतःचं वजन जेमतेम पंचेचाळीस किलो आहे आणि बाळाची वाढ सोनोग्राफीत मागं पडतेय, तिला ‘पीसीओडी आहे म्हणून’ मेटफॉर्मिन देत राहणं मला पटत नाही. पीसीओडी म्हणजे जाड बाई हे चित्र पुस्तकातलं. आमच्याकडं बारीक अंगाच्या, पाळी न येणाऱ्या मुलीही पुष्कळ आहेत.

याज्ञिकांच्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मेटफॉर्मिनशी थेट जोडलेली आहे. त्या आयांपैकी दोन-तृतीयांश जणींत बी-१२ कमी होतं, आणि ज्यांच्यात फोलेट भरपूर पण बी-१२ कमी, त्यांची मुलं सहाव्या वर्षी इन्सुलिनला सगळ्यात कमी दाद देत होती. मेटफॉर्मिन आतड्यातून बी-१२ शोषलं जाणं कमी करतं. आता एखादी माळकरी घरातली मुलगी घ्या. माळ घातलेली, अंडंही नाही, दूध चहापुरतं. तिनं दोन वर्षं मेटफॉर्मिन घेतलं आणि दिवस राहिल्यावर मेडिकलमधून फॉलिक ॲसिडची पाच मिलिग्रॅमची मोठी गोळी रोज घेतली. फोलेट वर, बी-१२ खाली. फाईलमध्ये बी-१२ चा रिपोर्ट क्वचितच असतो. मेटफॉर्मिन चालू ठेवा की बंद करा, हा रिपोर्ट आधी करा, असं मी प्रत्येकीला सांगते. गोळीच्या वादात हे साधं काम राहून जातं.

साखरेसाठी सुरू झालेल्या गोळीबद्दल मात्र माझा सूर बदलतो. परांड्याची एक शिक्षिका सातव्या आठवड्यात आली ती मेटफॉर्मिन बंद करूनच. मावशीनं सांगितलं होतं, दोन जिवांची आहेस, गोळ्या कशाला. तिचा मागचा कागद उघडला तर दोन वर्षांपूर्वीची उपाशीपोटीची साखर १३४. पीसीओडीच्या तपासणीत मधुमेह सापडलेला, पण घरात त्याला ‘पीसीओडीची गोळी’ एवढंच नाव पडलेलं. पहिल्या आठ-दहा आठवड्यांत बाळाचं हृदय आणि मणका घडत असतो आणि त्या काळात आईची साखर वाढलेली असणं हाच खरा धोका. गोळी पुन्हा सुरू केली, आणि ती पुरेना म्हणून इन्सुलिनही. इन्सुलिन बाळापर्यंत जात नाही, हा त्याचा मोठा गुण. सुईची भीती असतेच. न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियातल्या ७५१ स्त्रियांच्या २००८ सालच्या चाचणीत गरोदरपणातल्या मधुमेहासाठी मेटफॉर्मिन की इन्सुलिन हे तपासलं, तेव्हा बाळांना होणाऱ्या त्रासात फरक नव्हता, बायकांची पसंती अर्थातच गोळीला होती, पण गोळीवाल्यांपैकी जवळपास निम्म्यांना, ४६ टक्के जणींना, शेवटी इन्सुलिनही घ्यावं लागलं. शिक्षिकाबाई आठवड्याभरात स्वतःच टोचून घ्यायला शिकल्या. शाळेच्या मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये.

ज्यांना साखर नव्हती त्यांची गोळी बंद करताना मी त्या जागी तपासणी देते. आपल्या सरकारी पद्धतीत ती सोपी आहे: जेवलेली असो वा उपाशी, ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायचं आणि दोन तासांनी रक्त द्यायचं. १४० किंवा वर आलं तर मधुमेह. पहिल्या भेटीत एकदा, आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत. प्राथमिक आरोग्य केंद्रातही होते. पीसीओएसवाल्या मुलीनं ही चुकवू नये, कारण तिला धोका इतरांपेक्षा जास्त आहे आणि गोळी तो धोका उचलत नाही हे आपण आताच पाहिलं.

आता मेटफॉर्मिनच्या मागं लपलेल्या गोळ्या. खरं तर या लेखात सगळ्यात जास्त जागा यांना द्यायला हवी होती. दिवस राहिले हे इतर बायकांना पाळी चुकल्यावर कळतं. जिची पाळीच वर्षातून चार-पाचदा येते तिला ते कळायचं कसं? या मुली नवव्या-दहाव्या आठवड्यात, ‘ॲसिडिटी झालीय’ म्हणून येतात. तोवर जे काही चालू असतं ते बाळ घडत असतानाच पोटात गेलेलं असतं. मी विचारते, पीसीओडीच्या कोणत्या गोळ्या चालू आहेत? उत्तर येतं, एकच, मेटफॉर्मिन. मग विचारते, मुरुमांसाठी? केसांसाठी? वजनासाठी? तेव्हा पर्समधून दुसऱ्या स्ट्रिपा निघतात, कारण त्या त्वचेच्या डॉक्टरांनी दिलेल्या असतात आणि तिच्या हिशेबी त्या पीसीओडीच्या नसतात.

यात स्पायरोनोलॅक्टोन आणि फिनास्टेराइड असतात, हनुवटीवरच्या आणि डोक्यावरच्या केसांसाठी. दोन्ही पुरुषी हार्मोनचं काम अडवतात आणि पोटात मुलगा असेल तर त्याच्या जननेंद्रियांच्या घडणीत बिघाड होण्याची भीती असते. कळल्याक्षणी बंद. मुरुमांसाठीचं आयसोट्रेटिनॉइन त्याहून वाईट. मेंदू, हृदय, कान यांत गंभीर व्यंगं होतात आणि दिवस राहण्याच्या किमान महिनाभर आधी ते सुटलेलं असावं लागतं. कोलेस्टेरॉलची गोळी असेल तर तीही साधारणपणे थांबवतात. आणि नवीन पाहुणा म्हणजे वजनाची साप्ताहिक इंजेक्शनं, जी २०२५ पासून आपल्याकडं चर्चेत आली. सेमाग्लुटाइड घेत असाल तर दिवस राहू देण्याच्या दोन महिने आधी बंद करायला सांगतात. पण वजन उतरलं की रुसलेलं बीजाशय कामाला लागतं, आणि जिला ‘मला कुठं दिवस राहतात’ असं वाटत होतं तिला नेमके तेव्हाच राहतात. अशाच दुसऱ्या इंजेक्शननं, टर्झेपॅटाइडनं, तर गर्भनिरोधक गोळीचा असरही कमी होऊ शकतो.

काढे आणि चूर्णं यांची मी नावं विचारते. डबीवर घटक लिहिलेले नसतील तर बंद. लिहिलेले असतील तर वैद्यांना फोन करून विचारायला लावते.

लेट्रोझोलबद्दल वेगळीच धास्ती असते. बीज तयार व्हावं म्हणून पाळीच्या सुरुवातीला पाच दिवस ती दिलेली असते, दिवस राहतात, आणि नवरा मोबाईलवर वाचतो की ही स्तनाच्या कॅन्सरची गोळी. त्यातून भारतात २०११ मध्ये वंध्यत्वासाठी तिच्या वापरावर बंदी आली होती आणि २०१७ मध्ये ती उठली, हेही त्याला सापडतं. मी त्याला शांतपणे सांगते की त्या पाच दिवसांनंतर गोळी काही दिवसांत शरीरातून निघून जाते, गर्भ रुजतो तेव्हा ती जवळपास उरलेली नसते. ती पुढे चालू ठेवायचा प्रश्नच नाही, आणि घेतली म्हणून घाबरायचंही कारण नाही.

याच्या नेमकी उलट थायरॉइडची गोळी. पीसीओएसवाल्या अनेकींना ती चालू असते. ‘दिवस राहिले, सगळ्या गोळ्या बंद’ या घरगुती नियमात तीही बंद होते, आणि हे मला मेटफॉर्मिनच्या सगळ्या वादापेक्षा जास्त छळतं. सुरुवातीचे कित्येक आठवडे बाळाकडे स्वतःचं थायरॉइड नसतं. त्याचा मेंदू आईच्या हार्मोनवर वाढतो. ही गोळी बंद तर करायचीच नाही, उलट दिवस राहिल्याचं कळताच तिचा डोस बहुधा पाव हिश्शानं किंवा थोडा जास्त वाढवावा लागतो. सकाळी उपाशीपोटी, आणि लोह-कॅल्शियमच्या गोळ्या तिच्यानंतर चार तासांनी.

हे सगळं बोलून झालं की मी मुलीला विचारते, तुला काय वाटतं? आई मध्येच म्हणते, ‘तिला काय कळतंय, तुम्हीच सांगा की मॅडम.’ मी आईला थांबवते. मेटफॉर्मिनच्या बाबतीत, साखर नॉर्मल असेल तर, चालू ठेवणं आणि बंद करणं हे दोन्ही शहाण्या माणसानं घ्यावेत असे निर्णय आहेत. वेळेआधी प्रसूतीची धास्ती जास्त वाटते की पुढच्या दहा वर्षांतल्या बाळाच्या वजनाची, पोटाचा त्रास किती सोसतो, हे तीच सांगू शकते. बहुतेक जणी थोडा वेळ गप्प बसतात आणि मग नीट कारण देऊन उत्तर देतात. नवऱ्याला आणलं असेल तर मी त्यालाही गप्प बसवते.

ठरलं की फाईलवर मी तीन ओळी लिहिते: गोळी मुळात कशासाठी होती, आज काय ठरलं, आणि कोणत्या आठवड्यात पुन्हा बघायचं. माहेरी-सासरी डॉक्टर बदलतात तिथं या तीन ओळींचा फार उपयोग होतो. नाहीतर एक डॉक्टर चालू करतो, दुसरा बंद करतो, आणि मुलगी दोघांवरचा विश्वास गमावून मावशीकडे जाते.

बाळंतपणानंतर हाच प्रश्न परत येतो. मेटफॉर्मिन दुधातून अगदी थोडं जातं आणि अंगावर पाजताना चालतं, पण साखर नसेल तर घाई करायचं कारण नाही. गरोदरपणात साखर वाढली होती त्यांनी सहा आठवड्यांनी पुन्हा ७५ ग्रॅमची तपासणी करायची. डिंकाचे लाडू तोवर जपून. आणि पाळी अजून आली नाही म्हणून निर्धास्त राहू नये, कारण पाळीच्या आधी बीज बाहेर पडतं. ‘आम्हाला गोळ्यांशिवाय राहतच नाहीत’ असं सांगून तांबी नको म्हणणाऱ्या मुली पहिलं मूल वर्षाचं व्हायच्या आत पुन्हा फाईल घेऊन आलेल्या मी पाहिल्या आहेत. त्या वेळी फाईल पातळ असते.